पुठ्ठ्याचे दोन काटकोन

खोली दाखवायच्या आधी घरमालक काकांनी मला जिन्याशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. खिशातून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढले, एकावर एक धरून त्यांची चौकट केली आणि तिच्यातून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. चौकट आधी माझ्या कमरेपर्यंत होती, मग गळ्यापर्यंत आली, मग एका बाजूला सरकली. त्यात माझा उजवा कान गेला असावा. शेवटी घरात तोंड करून काका म्हणाले, "ठेवून घेऊ वं. डावीकडून सज्जन दिसते."

आतून काकूंचा आवाज आला, "अन् उजवीकडून?"

"उजवीकडून बॅग आहे. बॅगेचं काही सांगता येत नाही."

अशा रीतीनं मी सदर नावाच्या वस्तीतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. मी तेव्हा एका खासगी बँकेत होतो. आमच्या घरी, म्हणजे अमरावतीला, आई लोकांना सांगायची की पोरगा बँकेत अधिकारी आहे. प्रत्यक्षात मी एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर पोचवायचो. पण आईनं सांगितलेलं खोटं नव्हतं. तिनं फक्त बाजूची टेबलं काढून टाकली होती. ही कला आमच्या रक्तातच होती हे मला पुढे कळलं.

काका निवृत्त होते. सगळी नोकरी त्यांनी एका वर्तमानपत्राच्या फोटो विभागात काढली, आणि त्यात एकही फोटो काढला नाही. फोटो काढणारे वेगळे असायचे. काका ते कापायचे. कोणता माणूस ठेवायचा, कोणता उडवायचा, आभाळ किती, जमीन किती, हे ठरवणं त्यांचं काम. "फोटोग्राफर बाजार करून आणते," ते म्हणायचे, "पोतं भरून. स्वयंपाक आपला."

स्वयंपाकाची ही उपमा काकूंना अजिबात आवडत नसे, कारण खऱ्या स्वयंपाकातही काका काटकोन घेऊन यायचे. ताट वाढलं की आधी चौकटीतून बघायचे. "भाजी जरा डावीकडं सरकव. मधात वरण आल्यानं नजर अडकून राहिली."

"नजर अडकली तं अडकू द्या. घास नाही ना अडकत?" काकू म्हणायच्या, आणि वरणाची वाटी मुद्दाम आणखी मधोमध ठेवायच्या.

एका पुढाऱ्याच्या सभेची गोष्ट काका दर उन्हाळ्यात एकदा तरी सांगायचे. मैदानाचा फोटो आला होता. पुढच्या तीन रांगा खचाखच, त्यामागे रिकाम्या खुर्च्यांचा समुद्र आणि एका खुर्चीवर झोपलेलं कुत्रं. काकांनी त्या एकाच फोटोच्या दोन प्रती कापल्या. एकीत नुसती माणसंच माणसं, श्वास घ्यायला जागा नाही. दुसरीत एक माणूस, शंभर खुर्च्या आणि कुत्रं. दोन्ही संपादकांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, यात लाट आहे. यात ओसरली आहे. गावात काय करायचं ते सांगा."

संपादक बिचारे म्हणाले, "अहो, पण खरं काय होतं?"

"खरं म्हणजे ऊन होतं. सारे लोकं बाजूच्या लिंबाखाली उभे होते. झाड फोटोतच नाही आलं."

संपादकांनी शेवटी नुसतं पुढाऱ्याचं उघडं तोंड छापलं. त्यात लाटही नव्हती, ओहोटीही नव्हती. फक्त पुढाऱ्याचा माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला आला, की दाढेतलं चांदीचं भरण दिसलं.

काकांच्या बैठकीत पहिल्यांदा पाऊल टाकणारा माणूस हमखास दारातच थांबायचा. लोकांच्या घरी देव असतात, वाडवडील असतात, एखादा धबधबा असतो. काकांच्या भिंतीवर फोटोंचे कापून टाकलेले तुकडे होते, प्रत्येक तुकडा नीट चौकटीत बसवलेला. कुणावर तरी धरलेली छत्री आणि ती धरणारा हात. माईकची वायर ओढत वाकलेला माणूस, त्याची फक्त पाठ. जांभई देणारा शिपाई. अर्धा हवालदार. खुर्चीच्या पायात पदर अडकलेली एक बाई, जी बहुतेक कुणाच्या तरी सत्काराला टाळ्या वाजवायच्या ऐवजी तो पदर सोडवत होती.

"पाहुण्यायले वाटते, आपल्या नातेवाईकायचा ॲक्सिडेंट झाला," काकू म्हणायच्या.

काका ऐकायचे नाहीत. "मधातला माणूस पेपरात छापल्या गेला. पेपर रद्दीत गेला. त्याचं झालं. हे माह्या हातानं कापल्या गेले, या लोकायची जबाबदारी माही."

असं बोलले की मला काका फार मोठे वाटायचे. मग काकू देवघराच्या वरची एक चौकट दाखवायच्या आणि ते पुन्हा आपल्या मापाला यायचे. त्या चौकटीत काकूंची सख्खी मावशी होती. काका-काकूंच्या लग्नाच्या फोटोत ती बाजूला उभी होती, आणि लग्नानंतर आठवडाभरात काकांनी तिला कापून काढलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तिची नथ फार बोलत होती. नवरीकडं कोणी पाहेच ना." कापताना मावशीचं कोपर मात्र आतच राहिलं. मावशीनं अल्बममध्ये स्वतःचं कोपर ओळखलं. तेव्हापासून तिनं घरात पाय ठेवला नाही. म्हणजे अल्बमात कोपर, भिंतीवर मावशी, आणि दोघांच्या मधात काकू.

अशा माणसाच्या संगतीत माझ्यासारख्याचं जे व्हायचं ते झालं. मी शहाणा झालो. काकांनी एकदा सांगितलं होतं, "माणूस फोटोत मधात नको ठेवू. मधात ठेवला की तो पासपोर्टवर गेल्यासारखा दिसते. बाजूले ठेव, म्हणजे त्याच्यापुढं जागा राहते." आमच्या शाखेचे व्यवस्थापक निवृत्त झाले तेव्हा निरोपाचा फोटो मोठा करून लावायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. व्यवस्थापकांना बाजूला ठेवलं, त्यांच्यापुढे भरपूर जागा सोडली. फोटो भिंतीवर लागला तेव्हा सर्वांना दिसलं की मधोमध पिण्याच्या पाण्याचा कॅन आहे, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्यात आणि कडेला एक वयस्कर माणूस त्याच्याकडे आदरानं पाहतोय. व्यवस्थापक शांत माणूस. फोटो पाहून एवढंच म्हणाले, "चांगला होता तो. बरीच वर्षं सोबत काढली."

मी हे रडत काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "पाकळ्या कॅनवर पडल्या ते चूक. बाकी फ्रेम बरोबर होती."

आता मूळ गोष्ट. मी तिशी ओलांडली होती आणि माझं लग्न जमत नव्हतं. कारण सगळ्यांना माहीत होतं, तोंडावर कुणी बोलत नसे: माझी उंची. मुलीकडचे येत, चहा घेत, मी उठून उभा राहिलो की एकमेकांकडे बघत, आणि "कळवतो" म्हणून जात. त्या "कळवतो"चं उत्तर आजतागायत आलेलं नाही. वडील नव्हते, आई गुडघ्यांमुळे प्रवास करू शकत नव्हती, त्यामुळे ती अमरावतीहून मोबाईलवरच लढाई लढत होती.

अशात पारशिवनीहून एक फोटो आला. मुलगी शाळेत शिक्षिका. फोटोत नुसता चेहरा होता. नजर खाली, ओठ किंचित मिटलेले, कपाळावर एक बट. तोवर मला आलेल्या सगळ्या फोटोंतल्या मुली कॅमेऱ्याकडे बघत होत्या, म्हणजे मी त्यांना कसा दिसेन ही भीती आधी यायची. ही कुठेतरी खाली बघत होती. मी बँकेत तो फोटो इतक्यांदा पाहिला, की एका ग्राहकानं सौजन्यानं विचारलं, "साहेब, माझी फाईल सापडत नाही काय?" आयुष्यात पहिल्यांदाच मला नकार नको होता. नुसता नको नाही, तो आला तर काय करायचं हे मला सुचत नव्हतं.

त्यामुळे माझा फोटो मी स्वतः तयार केला. जरीपटका वस्तीत एका मित्राचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं, त्यातला. अंगात मागून आणलेला कोट, पाठीमागे मित्राची पांढरी मोठी गाडी, शेजारी मित्र. मी मित्राला कापलं, कारण तो सहा फूट. गाडी ठेवली. गुडघ्याखालचा सगळा भाग कापला. त्यालाही कारण होतं, ते पुढे येईलच. मग तो फोटो काकांना दाखवला, कौतुकाच्या आशेनं.

काकांनी मोबाईलवर काटकोन धरले. "यात तुहं काय आहे गा?"

"काका, मी आहे ना."

"कोट दुसऱ्याचा, गाडी दुसऱ्याची. अन् खांद्यावरचे हे चार बोटं कोणाचे?"

मित्र गेला होता, पण त्याची चार बोटं माझ्या खांद्यावर राहिली होती, एकात पोवळ्याची अंगठी. मला ती दिसलीच नव्हती.

"तुले वाटते तू उंच दिसून राहिला. तू पोलिसानं पकडल्यासारखा दिसून राहिला."

मग त्यांनी स्वतःच्या मोबाईलमधला एक फोटो काढला. त्यात मी कूलरसमोर बसलो होतो. उन्हाळ्याच्या तोंडाला मी आणि काकूंनी कूलरची जुनी खस काढून नवी भरली होती. माझा शर्ट भिजलेला, केसांत खस, मी तोंड फाडून हसतोय, आणि कडेला काकू हातात पाईप घेऊन मला झापतायत. "हा पाठव," काका म्हणाले.

"काका, हा पाहून मुलीचे वडील मले कूलर बसवाले बोलावतील."

"बोलावतील तं खरं."

मी ऐकलं नाही. मोबाईलमध्ये नको ते पुसायची एक सोय होती, तिनं बोटं पुसली. बोटांबरोबर थोडा खांदाही पुसला गेला. आई म्हणाली, "झुकलेला खांदा बरा दिसतो रे, नम्र वाटतो," आणि तिनं फोटो पारशिवनीला पाठवून दिला. चार दिवसांत निरोप आला, येत्या रविवारी या.

सोबत मामा येणार होता, तो ऐन वेळी आजारी पडला. वडीलधारं कुणीतरी हवंच. काका आतून इस्त्रीचा शर्ट घालूनच बाहेर आले. मी घाबरलो. एसटीत बसल्यावर त्यांनी मुलीचा फोटो मागितला आणि काटकोन काढले.

"गडबड आहे," थोड्या वेळानं म्हणाले.

"काय गडबड?"

"नजर खाली आहे, लाजल्यासारखी. पण मान पाह्य. लाजलेल्या माणसाची मान सैल पडते. इची शीर ताणलेली आहे. ही मुलगी काहीतरी धरून राहिली. जोर लावून."

"काय धरलं असन?"

"ते खाली आहे. खालचं कापलं."

मी हात जोडले. काका, माझं लग्न आहे, तिथं हे काढू नका. काका समजूतदारपणे हो म्हणाले आणि काटकोन माझ्या स्वाधीन केले. मी ते कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि निर्धास्त झालो. माणसाला हातही असतात हे माझ्या लक्षात आलं नाही.

मुलीच्या वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, मागे घर. त्यांनी आमचं स्वागत केलं आणि आमच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत राहिले.

"गाडी मागून येऊन राहिली काय?"

"नाही, आम्ही एसटीनं आलो."

"मग ते पांढरी?"

"ती मित्राची."

"असं." ते बसले. मग जरा आस्थेनं त्यांनी विचारलं, "अन् खांद्याले काही मार लागला होता काय? फोटोत दिसते."

मुलीची आई माझ्या खांद्याकडे बघत होती, बारीक डोळे करून, जसं आपण दुरुस्त झालेल्या भांड्याचा डाग शोधतो. मी दोन्ही खांदे सारख्या पातळीवर आणले. तेवढ्यात मुलगी पोहे आणि कोथिंबीर भरलेली सांबारवडी घेऊन आली. फोटोतली बट होती. पण नजर खाली नव्हती. तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं, ट्रे ठेवला आणि समोर बसली. मी पोह्यांकडे बघू लागलो. त्या घटकेला त्या घरात लाजत असलेला माणूस एकच होता.

मी मान वर केली तेव्हा काकांनी दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून मुलीवर धरली होती.

"काका, हे काय करून राहिले?" वडिलांनी विचारलं.

"साहेब, तुमच्या मुलीचा फोटो खालून कापलेला आहे."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. वडील ताठ झाले. "म्हणजे? आम्ही फसवून राहिलो, असं म्हणणं आहे काय तुमचं?"

"नाही ना. आमचा बी कापलेलाच आहे." काका माझ्याकडे वळले. "दाखव गा पूर्ण."

नाही म्हणायची सोय नव्हती. मी मोबाईल काढला, मूळ फोटो उघडला आणि वडिलांना दिला. त्यांनी पाहिला आणि बायकोला दिला. तिनं पदर तोंडाला लावला आणि मुलीकडे दिला. मुलीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. वरचा भाग नाही, खालचा.

"ह्या विटा कायच्या आहेत?"

तर ते कारण. मित्राच्या शेजारी मी उभा राहिलो की फोटोग्राफरला एक तर त्याचं डोकं मिळायचं नाही, नाही तर माझं. म्हणून त्यानं मंडपाच्या खुंट्याजवळच्या दोन विटा आणून मला वर उभं केलं होतं. मित्राचा हात माझ्या खांद्यावर प्रेमानं नव्हता. मी पडू नये म्हणून होता. हे सगळं मी सांगितलं. कुणी हसलं नाही. मुलगी उठली आणि आत गेली.

संपलं, मी मनात म्हटलं. वडील जमिनीकडे बघत होते. काका सांबारवडी खात होते, आणि दुसरी घ्यावी की नाही या विचारात होते.

मुलगी परत आली ती स्वतःचा मोबाईल घेऊन. तो तिनं काकांना दिला नाही, मला दिला. शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो होता. मैदानावर शिक्षिकांची कबड्डी. तिनं ओढणी कमरेला आवळून बांधलेली, गुडघे मातीत, आणि दोन्ही हातांनी कुणाचा तरी घोटा धरलेला. नजर खाली होती ती त्या घोट्यावर. घोट्याच्या वर एक जाडजूड बाई चष्मा सावरत रेषेकडे झेपावत होत्या.

"ह्या कोण?" मी विचारलं.

"आमच्या मुख्याध्यापिका."

"सुटल्या काय?" काकांनी विचारलं.

"नाही."

वडिलांनी कपाळाला हात लावला. "म्हणून कापला मी. पयले दोन पाहुणे हाच पूर्ण फोटो पाहून आलेच नाही. एक तं फोनवर म्हणे, आमचा मुलगा साधा आहे. मंग म्हटलं, नजर खाली आहे ना, तेवढीच ठेवतो." त्यांचा आवाज जरा बसला होता. मुलगी त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग होता की माया, हे कोणत्याही चौकटीतून कळलं नसतं.

निघताना वडील दारापर्यंत आले आणि म्हणाले, "कळवतो."

एसटीत मी काकांवर तोंडसुख घेतलं. तुम्हाला काय गरज होती, माझं आयुष्य आहे, पेपराचं पान नाही, वगैरे. काका खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"अन् समजा, त्या मानेचं तुम्ही सांगितलं ते चुकलं असतं तं?"

"चुकलंच ना गा," काका म्हणाले. "मले वाटलं होतं पाण्याची बादली उचलून राहिली असन. मानेचं माहं कधीच बरोबर येत नाही. काकूचा फोटो पाहून मी घरी सांगितलं होतं, ही मुलगी कमी बोलते."

आणि त्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळानं माझा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. "विटांशिवाय उंची किती? खरी सांगा."

मी पाच फूट सहा लिहिलं. खोडलं. पाच पाच लिहिलं. काका झोपले होते, बघणारं कुणी नव्हतं, आणि बोट पाठवायच्या खुणेवर होतं. तरी ते दाबवेना. ज्या माणसाच्या विटा पाहून झाल्यात, त्यानं आता एका इंचासाठी काय खोटं बोलायचं? मी पाच चार लिहिलं आणि पाठवून दिलं. मग उत्तर नाही. कन्हानचा पूल गेला. उत्तर नाही. शेजारचा माणूस उतरला, दुसरा बसला. मी मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला, सरळ केला, पुन्हा पालथा केला.

कामठीच्या अलीकडे तो वाजला. मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि काकांना हलवलं. "काका, हो म्हणते."

काकांनी एक डोळा उघडला. "एवढंच?"

"एवढंच."

"पूर्ण वाच गा. कापून नको सांगू."

मग मी पूर्ण वाचलं. "चालेल. मी पाच सहा आहे. बाबा म्हणतील, लग्नाच्या फोटोत मुलीला खुर्चीवर बसवू, म्हणजे कळणार नाही. मी बसणार नाही, आताच सांगते."

काकांनी थोडा विचार केला, उघडलेला डोळा पुन्हा मिटला आणि म्हणाले, "मंग तू बस."

बसलो.